कासव सुटलं, जाळं कुणाचं गेलं?

शंकेखोर : बाई, तुमच्या स्पर्धेचं पत्रक वाचलं. विषय 'माणूस आणि प्राणी : एक अतूट नातं'. चित्र, निबंध, कविता. लहान गट, मोठा गट. परीक्षक म्हणून मला बोलावलंत, बरं वाटलं. पण होकार द्यायच्या आधी माझी शंका ऐका. वन्यजीव सप्ताह दरवर्षी १ ते ७ ऑक्टोबर. त्या आठवड्यात शाळाशाळांतून अशा स्पर्धा होतात आणि चित्रांत काय असणार ते मी कागद न उलगडता सांगतो. मधोमध पृथ्वीचा गोल, त्याला धरलेले दोन हात, एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला झाड, वर 'वन्यजीव वाचवा'. मुलगा आपल्या किनाऱ्यावरचा असला तर वाघाच्या जागी कासव. निबंधाची सुरुवात 'प्राणी हे आपले खरे मित्र आहेत' अशी. हे लिहिणाऱ्याचा बाप त्याच पहाटे बांगडा घेऊन बंदरावर लागलेला असतो, रंगपेटीही त्याच पैशांतून आलेली असते. पण बांगड्याशी त्या घराचं काही नातं आहे, हे निबंधात कुठे येत नाही. आपण मुलांकडून प्रेम लिहून घेतो. नातं तसंच राहून जातं.

उत्साही : काका, त्या गोलाचा मलाही कंटाळा आलाय. पण दोष मुलांना देऊ नका. आपण विचारतो तसं उत्तर येतं. आणि प्रेम लिहून घेण्यात एवढं वाईट काय आहे? कोकणात कासवाची अंडी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात, विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. पुढे तिथे कासव महोत्सव भरू लागला, आपल्याकडे सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेगला लोक अंडी राखू लागले. पिल्लं सोडायच्या वेळी टोपली उचलतात, तेव्हा पुढे सरकून कोण बसतं? शाळेची मुलं. दोन पेरांएवढं पिल्लू. त्याला उचलून पाण्यात टाकत नाहीत, चालू देतात. ते वल्ह्यासारखे पाय मारत निघतं, माणसाच्या पावलाच्या खळग्यात अडकतं, धडपडून वर येतं, पहिली लाट त्याला पालथं करून मागे फेकते, ते पुन्हा निघतं. हे बघून घरी आलेल्या मुलीने आजीला सांगितलं की 'आता अंडी आणायची नाहीत', तर आजी ऐकते. वन खात्याच्या फलकाला आजी ऐकत नाही. मुलांच्या तोंडून गेलेली गोष्ट घरात शिरते, म्हणून ही स्पर्धा मला हवी आहे.

शंकेखोर : आजी ऐकते, कबूल. पण किनारा नुसत्या प्रेमाने पालटला असं नका म्हणू. अंडी राखणाऱ्याला मानधन मिळालं, महोत्सवाला येणारा पाहुणा गावातल्या घरी राहिला, जेवला, पैसे देऊन गेला. अंड्यांच्या विक्रीपेक्षा पिल्लांच्या दर्शनात जास्त मिळकत दिसली. यात मला कमीपणा वाटत नाही, उलट हेच टिकतं. पण तुमच्या भिंतीवरच्या चित्रात तो हिशेब कुठेच नसतो, आणि मूल समजतं की जग प्रेमावर चाललंय.

दुसरं म्हणजे तुमचा महिना. कासवाची मादी आपल्या किनाऱ्यावर येते साधारण नोव्हेंबरपासून, पिल्लं निघतात ती पुढे उन्हाळ्यापर्यंत. ऑक्टोबरात किनाऱ्यावर ना मादी, ना अंडं. मग मूल काय करतं? मोबाईलवर कासव शोधतं आणि उतरवतं. अनेकदा ते आपलं ऑलिव्ह रिडलेही नसतं, कुठल्या तरी प्रवाळातलं हिरवं कासव असतं. त्याच ऑक्टोबरात त्या मुलाच्या घरामागे भात कापणीला आलेलं असतं, रात्री रानडुक्कर शिरतं, गवा शिरतो, काका-मामा पत्र्याचा डबा वाजवत जागतात. समुद्रावर थंडीचे कुरव यायला लागलेले असतात. जे डोळ्यासमोर आहे ते सोडून मूल पडद्यावरचं काढतं, कारण सप्ताह सरकारी कॅलेंडरात त्या तारखांना बसलाय.

उत्साही : महिन्याचं तुमचं म्हणणं मी मान्य करते. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आहे, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा. निदान तेव्हा कुरव तरी आलेले असतात. पण न दिसणारं काढूच नये, हे मला पटत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, नाव ठेवलं बागेश्री. ती केरळ मागे टाकून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलटही झालंय. ओडिशात २०२१ मध्ये पायाला पट्टी लावलेली मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. हा प्रवास कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. ज्याला आपण 'आमचं कासव' म्हणतो, ते वर्षातला बहुतेक काळ आपलं नसतंच. ही गोष्ट मुलापर्यंत पोचवायला कल्पनाच लागते, नुसतं निरीक्षण पुरत नाही.

आणि कल्पनेची शाळा आपल्याकडे जुनी आहे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या. एकशेवीस गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग. कूर्माच्या रंगात दश्शीवर दहा कासवं मांडलेली. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रंगवतात, चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, पांगुळ बैल घेऊन दारोदार फिरत. या बाहुल्यांच्या कलेसाठी परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कुडाळ-सावंतवाडीच्या मुलाला प्राणी कसा काढायचा हे शिकायला पडद्याकडे जायची गरज नाही. मी या वेळी गंजिफाची गोल चौकट देणार आहे. गोल पानावर तुमचा प्राणी बसवा. बघा, पृथ्वीचा गोल आपोआप जातो की नाही.

शंकेखोर : युक्ती चांगली आहे. पण गंजिफातलं कासव मोजायला असतं, बाई. दश्शी म्हणजे दहा, एवढाच त्याचा निरोप. त्या चित्रकाराला कासवाबद्दल माया होती की नव्हती, हे पान सांगत नाही. मला ते आवडतं, कारण ते खोटं बोलत नाही. आपली पोस्टरं मात्र मायेचं सोंग आणतात.

आता खरी गोष्ट बोलतो. एका गिलनेटवाल्या होडीची. पहाटे जाळं ओढताना जड लागतं. वर येतं ते कासव. पुढचा पाय जाळ्यात पिळून बसलेला, ते फडफडतंय, जितकं फडफडेल तितकं गुंततंय. तांडेलासमोर दोन वाटा. वेळ घालवून जाळ्याचं एकेक घर सोडवायचं, तोवर उरलेल्या जाळ्यातली मासळी नरम पडते. नाहीतर सुरी घालून जाळं फाडायचं. शासनाने डिसेंबर २०१८ पासून योजना आणली आहे की संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. योजना चांगली आहे, किती तरी कासवं, देवमासे त्यामुळे सुटले. पण एकाने कासव दाबून धरायचं, दुसऱ्याने कापायचं, तिसऱ्याने ओल्या हातांनी मोबाईलवर फोटो काढायचा, कारण पुरावा लागतो. मग अर्ज, मग वाट बघणं. जाळं लागतं ते दुसऱ्या दिवशी. सगळ्यांनी मिळून ओढायची रापण असती तर तोटा सगळ्या ओढणाऱ्यांच्या वाट्यात विभागला असता; इथे तो एका घराचा.

तुमच्या चित्रात कासव सुटलेलं दिसतं आणि माणसाचा हसरा चेहरा दिसतो. फाटलेलं जाळं कुणी काढतं का? माणूस आणि प्राणी यांच्या नात्यात नेहमी तिसरा कुणीतरी असतो, ज्याच्या खिशातून ते नातं निभावलं जातं. स्पर्धा त्या तिसऱ्याला चौकटीबाहेर ठेवते. म्हणून बंदरावर 'वाचवा' हा शब्द वाचला की माणसं सावध होतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यात येतं. तेव्हापासून इथल्या मच्छीमाराच्या मनात भीती बसली की वाचवायचं म्हणजे आपल्याला उठवायचं. मुलाने रंगवलेल्या त्या फलकाखालून त्याचाच बाप मान खाली घालून जातो.

उत्साही : मग तेच विचारूया. 'माझा आवडता प्राणी' नको. 'तुमच्या घरात कुठल्या प्राण्यामुळे भांडण झालं?' असा विषय देऊ. हसू नका, मी गंभीरपणे सांगतेय. किनाऱ्यावरच्या मुलाचं खरं कोडं हे आहे की त्याचा लाडका कुत्रा रात्री वाळू उकरून कासवाची अंडी खातो. कोल्हा खातो तो तर रानातला, त्याच्यावर राग धरता येतो. कुत्रा आपल्या पानातलं उरलेलं खाऊन मोठा झालेला. दोघंही प्राणी, दोघांवरही प्रेम. आता सांग, रात्री कुत्र्याला बांधणार की नाही? या एका प्रश्नावर मूल जेवढा विचार करील, तेवढा दहा घोषणांवर करणार नाही.

किंवा दोडामार्गचं मूल घ्या. कर्नाटकातून हत्ती तिथे आले २००२ च्या सुमारास. माडाची, केळीची बाग एका रात्रीत झोपते, हे त्याने पाहिलंय. २०१६ मध्ये तिथे माकडतापाची साथ आली. काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांना गोचीड चावायची आणि माणूस तापाने फणफणायचा. माकडं त्या रोगाचीच बळी, तीही मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरची गोचीड खाली उतरते. म्हणून आरोग्य खातं सांगतं, मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आधी कळवा. म्हणजे जे माकड आडसरं पाडतं म्हणून शेतकरी त्याला शिव्या घालतो, त्याचंच मरण त्याला सावध करतं. हे नातं कुठल्या खान्यात बसवाल? मित्र? शत्रू? हे लिहिणारं मूल मला हवंय, आणि ते लिहील तर स्पर्धेतच लिहील. परीक्षेच्या पेपरात त्याला 'माकड : एक खोडकर प्राणी' असंच लिहावं लागतं.

शंकेखोर : लिहील, पण मालवणीत लिहील. 'वांदरांनी आमचो माड खाल्ल्यानी, बापूस बंदूक मागता.' आणि आपण लाल शाईने शुद्धलेखनाच्या चुका काढू.

उत्साही : काढणार नाही. मालवणीत आलेला निबंध मालवणीतच वाचायचा, हा नियम पत्रकात घालते.

शंकेखोर : घाला. पण मी परीक्षक आहे, माझी अडचण पुढे सुरू होते. समजा, सातवीतल्या एका मुलीने लिहिलं की तिने कोंबड्याचं पिल्लू वाढवलं, मांजरापासून जपलं, तांदळाच्या कण्या हातावर घेऊन खायला घातल्या. पावसात स्वतःच्या खोलीत घेतलं. मग घरच्यांनी तो कोंबडा देवाच्या राखणेला दिला. ती दिवसभर रडली, आणि संध्याकाळी जेवली. पुढे तिने लिहिलं, सागोती चांगली झाली होती. हा निबंध मी वाचला तर त्याला पहिला नंबर देईन, कारण त्यात काहीही लपवलेलं नाही. पण तुमच्या परीक्षक मंडळात एक प्राणीमित्र असतील, ते म्हणतील हा क्रूरपणा. एक गावकरी असतील, ते म्हणतील देवाच्या गोष्टीची चव्हाट्यावर चर्चा कशाला. मुख्याध्यापक म्हणतील, बक्षीस समारंभाला पाहुणे येणार आहेत, जरा सौम्य काहीतरी निवडा. आणि पहिला नंबर जाईल पृथ्वीच्या गोलाला. पुढच्या वर्षी सगळी हुशार मुलं गोलच काढतील, कारण मुलं निकाल बारकाईने वाचतात. स्पर्धा काय शिकवते ते पत्रकात नसतं, ते निकालात असतं.

उत्साही : हे मात्र मला लागलं. मी इतकी वर्षं विषय बदलत राहिले, निकालाकडे असं पाहिलंच नव्हतं. मग कसोट्या आधीच लिहून जाहीर करूया. एक, मुलाने स्वतः काय पाहिलं, ऐकलं, ते कागदावर दिसतं का. दोन, या नात्याची किंमत कोण मोजतं, ते आलं का. तीन, आपल्याला काय कळत नाही, हे मान्य करायची हिंमत आहे का. रंग, अक्षर, भाषा यांना गुण आहेत, पण शेवटी. आणि प्रेमाला वेगळे गुण नाहीत. ते असेल तर या तिन्हींतून आपोआप दिसेल.

गणपतीपुळ्याचं उदाहरण आठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. लोकांनी त्याच्या अंगावर पाणी ओतलं, कापडं टाकली. दोन दिवसांच्या खटपटीनंतर बोटीने ओढून खोल पाण्यात सोडलं, टाळ्या वाजल्या. नंतर ते पुन्हा किनाऱ्याला लागलं, मेलेलं. चित्रकलेच्या तासाला मुलांनी काढली ती बोट. मी विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं, की 'पुढचं चित्र कोण काढणार?' या तीन कसोट्या लावल्या तर ते पुढचं चित्र येईल.

शंकेखोर : येईल, आणि तिथेच मला भीती वाटते. तुमच्या कसोट्या मला पटल्या, म्हणूनच वाटते. समजा मुलं खरोखरच खरं लिहायला लागली. एका मुलाने लिहिलं, आमच्या होडीला कासव लागलं, बाबांनी सोडलं नाही. किंवा गावाबाहेरच्या मळ्यात रात्री बैलांची झोंबी लावतात, आमचा बैल तिथे मेला. आता कायदा बघा. कासव अनुसूची एकमधलं. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. बैलगाडा शर्यतीला १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मोकळीक दिली, ती शर्यतीला. झोंबी आजही गुन्हाच. तुमच्या बक्षीस समारंभाचे प्रमुख पाहुणे कोण? बहुधा वनाधिकारी. निबंध भिंतीवर, खाली मुलाचं नाव, इयत्ता, गाव. आपण मुलाला सांगितलं, खरं लिही, बक्षीस देऊ. त्याने खरं लिहिलं. आता त्याचा बाप काय मोजणार? तुमची दुसरी कसोटी, किंमत कोण मोजतं, तिचं उत्तर या वेळी तो मुलगा स्वतःच असेल.

पृथ्वीच्या गोलाला मी इतकं हसलो. आता वाटतं, मुलं गोल काढतात ते आळसाने नव्हे. कुणालाही अडचणीत न आणणारं तेच एक चित्र त्यांना ठाऊक आहे.

उत्साही : तुम्ही मला कोपऱ्यात गाठलंत. पण एक वाट आहे, आपल्याच शाळेतली. आत्मवृत्त. 'म्हाताऱ्या बैलाचं मनोगत' लिहून आपण सगळे मोठे झालो. जाळं बोलू दे, बैल बोलू दे, फाटलेल्या होडीचं मनोगत येऊ दे. नाव नको, गाव नको. दशावतारी नाटकात राक्षस रात्रभर काय काय बोलून जातो, सकाळी त्याला कुणी जाब विचारत नाही. सोंगाआडून मुलाला खरं बोलता येईल आणि त्याचं घरही सुरक्षित राहील. कथा हा बचाव नाही का?

शंकेखोर : बचाव आहे. पण गोष्ट म्हटली की ऐकणारेही सुटतात. जाळ्याचं मनोगत वाचून सगळे म्हणतील, काय कल्पनाशक्ती आहे! टाळ्या वाजवतील, घरी जातील. मुलाने जे खरं म्हणून सांगितलं ते सगळ्यांनी गोष्ट म्हणून ऐकलं, तर त्याला काय वाटेल? पुढच्या वेळी तो खरं सांगायचा विचारही करणार नाही, नुसती गोष्ट छान रचेल. आपण एक चांगला लेखक घडवू, आणि एक साक्षीदार गमावू.

उत्साही : आणि मुलाला साक्षीदार करायचं, हे तरी आपण कोण ठरवणार? तुम्ही म्हणता, निबंधात बांगडा यायला हवा, जाळं यायला हवं. मलाही हवं आहे. पण बारा वर्षांच्या मुलाने घरच्यांच्या विरोधात उभं राहावं, हे स्पर्धेच्या पत्रकाने मागायचं? मोठ्यांनी जे बंदरावर, ग्रामसभेत, खात्याच्या कचेरीत उघडपणे बोलायला हवं, ते आपण चित्रकलेच्या वहीतून वदवून घेतोय की काय, अशी आता मला शंका येते. तुम्ही शंकेखोर, पण ही शंका माझी.

शंकेखोर : मग स्पर्धा रद्द करता?

उत्साही : नाही. बक्षीस नसेल तर आमच्या शाळेतली निम्मी मुलं कागद हातात घेत नाहीत, हेही खरं आहे. तुम्ही परीक्षक म्हणून या. कसोट्या मी लिहिल्यात तशाच राहतील. निबंध भिंतीवर लावायचे की नाही, पाहुण्यांना वाचायला द्यायचे की नाही, हे ज्याने लिहिलंय त्याला विचारून ठरवू.

शंकेखोर : येतो. पण बाई, त्याने 'लावा' म्हटलं, म्हणजे त्याला परिणाम कळलेत, असं तुम्ही धरणार. मी ते धरायला तयार नाही. आणि 'नका लावू' म्हणाला, तर तुमच्या तिसऱ्या कसोटीतली हिंमत त्याच्यात नाही म्हणून मी गुण कापायचे का? त्या पेपरावर तुमचे-माझे गुण जुळणार नाहीत, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.